पहिला नट आवळायचा

सुमनआत्याचं नाव आधी लिहितो. माझं आजवर जे काही बरं झालं ते तिच्यामुळे झालं, आणि हे सांगायचं राहिलं तर पुढच्या सगळ्या बोलण्याला काही अर्थ उरणार नाही. ते लिहून झालं. आता शेंगांकडे वळतो.

कार्तिक निम्मा सरला की बेंगळुरूच्या हवेत एक कोरडा गारवा येतो. जे. पी. नगरमधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हातगाडी उभी राहते, तिच्यावर मातीच्या मडक्यात निखारे असतात आणि भाजक्या शेंगांचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. त्याच दिवसांत तिकडे बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले शेतकरी नव्या शेंगांची पोती घेऊन येतात, रस्त्याच्या दोन्ही कडांना ढीग लागतात, मोठ्या नंदीला पहिल्या शेंगा वाहतात आणि मग सगळं शहर चार दिवस शेंगा फोडत हिंडतं. पायाखाली टरफलं चुरचुरत असतात.

या वासानं कुणाला शेत आठवत असेल, कुणाला आजोळ. मला पाने आठवतात. नट आवळायचे, लोखंडी पाने. आणि आठवतात तेव्हा छातीतून एक लांब श्वास आपोआप बाहेर पडतो. मोठ्या परीक्षेच्या निकालात आपला नंबर सापडल्यावर पडतो ना, तसा.

आत्याचं गॅरेज उमरग्यात, हायवेला लागून. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणून आठवीपासून पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत सुट्ट्या सोडल्या तर मी तिच्याकडेच वाढलो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे अभ्यास कसा करतात हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण अभ्यासाला शांतता लागते एवढं आत्याला कुठून तरी कळलं होतं. परीक्षा आली की ती ठोकाठोकीची कामं बंद करायची. मडगार्ड सरळ करणं नाही, चाकाची रिम ठोकणं नाही. कार्बुरेटर साफ करायची, केबल बदलायची, पंक्चर काढायची. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायची, "पोराची परीक्षा हाय. हातोडी पुढच्या आठवड्यात." मार्चमध्ये आमचं गॅरेज एखाद्या वाचनालयासारखं व्हायचं. ट्रकवाले हळू आवाजात बोलायचे.

खरं म्हणजे ते गॅरेज आत्याच्या सासऱ्यांचं, आबांचं. मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, त्यात कधीच रस नव्हता. ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात आणि बोटाला ग्रीस लागलं तर साबणानं तीनदा हात धुतात. मुलगा असा निघाल्यावर म्हाताऱ्यांनी सुनेला विचारलं, "तुला यायचंय का खाली?" आत्या पदर खोचून खाली उतरली ती उतरलीच. आधी पाने हातात द्यायला, मग स्वतः फिरवायला.

त्या गॅरेजचे काही नियम होते. पाना मागताना जोडीनं नाव घ्यायचं, कारण दुतोंडी पान्याच्या एका टोकाला एक माप आणि दुसऱ्या टोकाला पुढचं. "दहा-अकरा दे." "बारा-तेरा कुठंय?" आणि दुसरा नियम म्हाताऱ्यांचा खास स्वतःचा. नवा पाना विकत आणला की त्यानं पहिला नट आवळायचा, सोडायचा नाही. हत्याराला पहिल्याच दिवशी मोडायची सवय लावू नये, असं ते म्हणत. ते गेल्यानंतरही आत्यानं हा नियम पाळला. एकदा गिऱ्हाईक घाईत उभं असताना तिनं नव्या पान्यानं आधी स्वतःच्या सायकलचा चाकाचा नट उगाच चिमूटभर आवळला आणि मगच त्याच्या इंजिनाला हात घातला, हे मी पाहिलेलं आहे.

मी सांगतोय त्या वर्षी भर पावसाळ्यात आत्याचा पाय गॅरेजमधल्या खड्ड्याच्या काठावर घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. डॉक्टर म्हणाले, हात चालवा, पण झटके नकोत, आणि सारखी पकड धरायची-सोडायची नको.

आता पान्याचं काम म्हणजे सगळी पकड धरायची-सोडायचीच. इंजिनाच्या अडचणीत पाना नटावर बसवायचा, जागा असेल तेवढा फिरवायचा, काढायचा, पुन्हा बसवायचा. एका नटासाठी वीस वेळा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला तिनं डाव्या हातानं पान्यांना हळदकुंकू वाहिलं, असं मामांनी फोनवर सांगितलं. मग आत्या स्वतः फोनवर आली.

"दत्ता, मी काय म्हणते, देवदिवाळी झाली की गॅरेज बंद करणार हाय."

"आत्या, असं काय—"

"मोबाइलवाला दुकान मागायलाय. चांगला मुलगा हाय. टेप घेऊन आला होता मापं घ्यायला. पाटीचे एका बाजूचे दोन बोल्ट बी त्यानंच काढले. आता ती तिरकी लोंबकळायली."

"मग तू दिवसभर काय करणार?"

"बसणार की! तुझ्या मामांची पिपाणी ऐकत."

मागून मामांचा दुखावलेला आवाज आला, "क्लॅरिनेट."

ती हसत होती. पण आत्या हसते तेव्हा शेवटी एक शिवी येते, त्या दिवशी ती आली नाही. 

तेव्हा मी बसवनगुडीत राहत होतो, श्रीपादअण्णा आणि त्यांची बायको अक्का यांच्या माडीवर. हे जुनं मराठी कुटुंब, चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. अण्णा सरकारी विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलं होतं की पहिले दोन महिने मी नुसती मान हलवायचो. माझी नोकरी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत, हायड्रॉलिकचे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात. सकाळी मेट्रो, संध्याकाळी मेट्रो, मध्ये कारखान्याचा आवाज. आणि त्या आवाजातच, जुळणीच्या टेबलावरून, रोज एक टिकटिक यायची. रॅचेट पान्याची टिकटिक. इतके दिवस ती कानावर पडत होती, पण आत्याचा फोन येऊन गेल्यानंतरच्या सोमवारी मी ती पहिल्यांदा ऐकली.

ज्यांनी हा पाना पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सायकल चालवताना पायडल उलटं फिरवलं की चाक अडत नाही, नुसतं टिकटिक वाजतं; पुढे दाबलं की पकड येते. या पान्याच्या कड्यात तसंच दातेरी चाक असतं. एकदा नटावर बसवला की काढायचा नाही. दांडा पुढे ढकलला की नट फिरतो, मागे आणला की पाना मोकळा सरकतो. मनगट वळवायची गरज नाही, पकड सोडायची गरज नाही. कोपरापासून हात मागेपुढे झाला की पुरे. आणि कोपर आत्याचं शाबूत होतं.

देवदिवाळीला, म्हणजे मार्गशीर्ष लागायला, अजून अवकाश होता. मी पान्यांच्या मागे लागलो.

संच घ्यायचा म्हणजे दुकानात जाऊन डबा उचलायचा, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. एका देखण्या संचात आठ नंबरच नव्हता, आणि आठ नंबरशिवाय स्कूटरवाल्याला काय तोंड दाखवणार? दुसऱ्याचं डोकं इतकं जाड की इंजिन आणि चासीच्या फटीत शिरलंच नसतं. तिसऱ्याचे दात मोजके आणि मोठे. दात जितके कमी तितका दांडा लांब फिरवावा लागतो, आणि अडचणीच्या जागी तेवढं फिरवायला जागा कुठली? चौथ्याची घडण चकचकीत, हातात धरला की आरसा, पण तेलकट हातातून मासोळीसारखा निसटणारा.

माझं मनगट चांगलं असताना मला यातलं खरं काही कळणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून मी पीण्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात एक लाकडी फूटपट्टी घेऊन गेलो आणि मनगटावर ती रुमालानं घट्ट बांधली. दुकानदार मंजुनाथ काउंटरवरून वाकून बघत राहिला.

"सार, हाथ को क्या हुआ?"

"कुछ नहीं हुआ."

"कुछ नहीं हुआ तो बाँधा क्यों?"

"बुआ का हाथ टूटा है."

त्यानं फूटपट्टीकडे बोट दाखवलं. "बुआ का टूटा और बाँधा आपका?"

मी समजावून सांगितलं. मग त्यानं शेजारच्या दुकानदाराला हाक मारून बोलावलं, त्याला कानडीत सगळी हकीगत ऐकवली, आणि दोघांनी मिळून शेगड्यात, म्हणजे टेबलाला जखडलेल्या त्या लोखंडी जबड्यात, एक बोल्ट उभा केला. त्यानंतर अर्धी दुपार मी बांधलेल्या हातानं एकेक पाना फिरवत होतो आणि ते दोघे क्रिकेटची मॅच बघावी तसे बघत होते. माझ्या हाताला तेल चोळायची कल्पना मंजुनाथची. ती उत्तम निघाली. निम्मे पाने त्या तेलातच बाद झाले.

शेवटी मी जो संच निवडला तो सपाट, पातळ डोक्याचा, बारीक दातांचा होता. त्याला उलटसुलट करायची कळ नव्हती. नट सोडायचा तर पाना एका अंगानं बसवायचा, आवळायचा तर पालथा घालून. कमी भाग, कमी बिघाड, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. मी खुशीत मेट्रोत बसलो. डबा मांडीवर होता आणि शेजारचे गृहस्थ त्याच्याकडे बघून हसले तर मला वाटलं, यांनाही कळलंय.

रविवारी सकाळी तो संच अण्णांना दाखवला. अण्णांची जुनी मोटार पोर्चमध्ये असते आणि तिच्यात सदैव काहीतरी चालू असतं. ते म्हणाले, "छान आहे रे. पण पाठवायच्या आधी एकदा फिरवून बघ. बॉनेट उघड." म्हाताऱ्यांचा नियम मला आठवला, पण अण्णांच्या मोटारीत ढिलं असं काही सापडेना. सगळं त्यांनी स्वतः आवळलेलं. मग डायनॅमोच्या पट्टीचा एक बोल्ट सोडून पुन्हा बसवू, असं ठरलं.

जुन्या रिंग पान्यानं पहिला हिसका दिला, बोल्ट हलला, आणि मी नवा पाना त्याच्यावर बसवला. काय सुख होतं ते! टिकटिक, टिकटिक. अक्का आतून म्हणाली, "घड्याळ आणलंस की काय?" बोल्ट लोण्यातून यावा तसा बाहेर येत होता. आणि मग पाना थांबला.

बोल्ट बाहेर येता येता त्याचं डोकं मागच्या पत्र्यापर्यंत आलं होतं आणि माझा सुंदर पाना त्या दोघांच्या मध्ये अडकला होता. काढायला जागा नाही. पुढे फिरवायला जागा नाही. उलटा फिरवून बोल्ट पुन्हा आत घालावा, तर उलट्या दिशेला तो पकडच घेत नव्हता, नुसता टिकटिक करत मोकळा फिरत होता. पालथा घालायचा तर आधी बाहेर यायला हवा.

अण्णांनी चष्मा वर केला. "अय्यो. हे काय रे, उंदराचा पिंजरा आणलास?"

"अण्णा, आता?"

"स्वल्प तडी, स्वल्प तडी. थांब जरा. ओढू नकोस. तुझ्या आत्याचे सासरे वरून बघतायत बघ. पहिलाच नट सोडायला गेलास!"

अक्का साडी नेसून तयार होऊन बाहेर आली होती. जयनगरला तिच्या भाच्याकडे जेवायला जायचं होतं. "मोटार निघणार आहे का? की ऑटो बोलावू?"

"निघेल की," अण्णा म्हणाले, "पाना लोंबकळत घेऊन निघेल. भाचा विचारेल, हे नवीन फॅशन काय."

मला हसू येत नव्हतं. बॉनेटखाली वाकलेलं असताना माझ्या डोळ्यांपुढे आत्या होती. बरं होऊ घातलेलं मनगट, समोर ताटकळलेलं गिऱ्हाईक, आणि इंजिनात अडकून बसलेला, भाच्यानं बेंगळुरूहून पाठवलेला पाना. तिनं तो तिथंच सोडला असता, हात पुसले असते आणि मोबाइलवाल्याला किल्ली दिली असती. मला खात्री आहे. ती तेवढ्यासाठीच कारण शोधत होती.

अण्णांनी लांब नाकाची पक्कड काढली. बाहेर आलेल्या बोल्टचे आटे उघडे पडले होते. तिथं पकडून ते त्याला तीळ-तीळ आत फिरवू लागले. मी पाना सैल धरून उभा. अक्कानं ऑटो बोलावला नाही, पायरीवर बसून सोलायला शेंगा घेतल्या आणि आम्हालाही दोन-दोन देत राहिली. बऱ्याच वेळानं पाना जरा हलला, मग आणखी जरा, आणि एकदम सुटून खाली फरशीवर खणकन पडला.

तो आवाज मी विसरणार नाही. अण्णा म्हणाले, "सरी! सुटली बाबा मोटार." मी मात्र मोटारीचा विचार करत नव्हतो. पार्सल उद्या जाणार होतं. ते गेलं नव्हतं. एवढाच विचार मनात होता आणि तो इतका गोड होता की मी फरशीवरून पाना उचलला आणि त्याला पुसून, राग न धरता, डब्यात ठेवला.

"अब किसका हाथ टूटा?" मंजुनाथनं विचारलं. या वेळी मी कळीचा संच मागितला. डोक्याशी एक छोटी खुंटी असते, ती अंगठ्यानं सरकवली की पाना दिशा बदलतो. अडकला तरी कळ फिरवायची आणि आल्या वाटेनं परत जायचं. डोकं किंचित जाड, पण जरासं वर उचललेलं, त्यामुळे बोटांना इजा नाही. माझी काळजी खुंटीची होती. नमुन्याचा पाना घेऊन, तेल लावलेल्या अंगठ्यानं, पट्टी बांधलेल्या हातानं, मी ती इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करत बसलो. शेजारचा दुकानदार पुन्हा येऊन उभा राहिला होता. ती घसरली नाही. आठपासून एकोणीसपर्यंत सगळी मापं होती, एका पान्याला एकच माप. जुना संच मंजुनाथनं परत घेतला. फरशीवरचा चरा त्यानं पाहिला आणि पाहिला नाही असं केलं.

ज्या संध्याकाळी पार्सल दिलं त्या संध्याकाळी जत्रा भरली होती. कुरियरच्या दुकानापर्यंत जायला मला त्या गर्दीतूनच जावं लागलं, जड डबा छातीशी धरून. शेंगांच्या ढिगांवर दिवे टांगलेले, पिपाण्या वाजत होत्या, आणि एक म्हातारी मला हाका मारत होती, "बन्नी, बन्नी, या, या." परत येताना हात रिकामे झाले तेव्हा तिच्याकडून पिशवीभर शेंगा घेतल्या. उरलेलं सगळं आता आत्याच्या हातात होतं, अगदी शब्दशः.

मग काही दिवस काहीच नाही. मामा फोनवर कुजबुजायचे, "आलंय पार्सल. कपाटावर हाय. बघेना ती." आणि दुसऱ्या दिवशी, "तुझं पत्र तेवढं काढून घेतलं. डबा तसाच." मी रोज कामावर जायचो आणि जुळणीच्या टेबलावरची टिकटिक ऐकू येणार नाही अशा जागी उभा राहायचो.

देवदिवाळीच्या आदल्या दिवशी दुपारी मामांचा व्हिडिओ कॉल आला. आधी नुसतं आभाळ दिसलं, मग शिडीची एक पायरी, मग आत्याची पाठ.

"दत्ता, शिडी मी धरलीय," मामा ओरडत होते. "एका हातात शिडी, एका हातात फोन. मोबाइलवाला खाली उभा हाय."

"मामा, चाललंय काय?"

"ऐक."

मी ऐकलं. हायवेवरून एक ट्रक गेला आणि त्याच्या मागोमाग, अगदी बारीक, ती टिकटिक. गॅरेजची पाटी हळूहळू सरळ होत होती. काढलेले दोन बोल्ट पुन्हा जागेवर बसले होते आणि आत्या ते आवळत होती.

"कोणाशी बोलायलाव हो?" वरून आवाज आला.

"दत्ताशी."

"त्याला विचारा, ह्या पान्याच्या दोन्ही तोंडांना एकच नंबर कसा? इकडं बी तेरा, तिकडं बी तेरा! बारा कुणाच्या बापानं—" आणि तिथं ती शिवी आली, जिची मी दसऱ्यापासून वाट बघत होतो.

पीण्यातल्या कारखान्याच्या मागच्या दारात, जिथे लोखंडाच्या चुऱ्याची पिंपं असतात, तिथे मी खाली बसलो. खिशात चार शेंगा होत्या. त्या सावकाश फोडून खाल्ल्या. आयुष्यात इतक्या चवीच्या शेंगा मी खाल्ल्या नाहीत.

आत्या अजून गॅरेज चालवते. जड कामं तिनं सोडून दिली आहेत. मोबाइलवाल्यानं रस्त्यापलीकडे दुकान टाकलं आणि त्याची मोटरसायकल तिच्याकडेच दुरुस्तीला येते. मनगट थंडीत दुखतं, असं ती विचारल्यावर सांगते, न विचारता सांगत नाही. या दिवाळीत गेलो तेव्हा तिच्या पान्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून माझं पत्र चिकटवलेलं दिसलं. ग्रीसचे ठसे पडले आहेत, पण वाचता येतं. ते असं होतं:

तीर्थरूप सुमनआत्यास,

दत्ताचा शिरसाष्टांग नमस्कार.

सोबत पाने पाठवत आहे. घट्ट बसलेल्या नटाला पहिला जोर जुन्या रिंग पान्यानंच दे, डाव्या हातानं, अंगाचं वजन टाकून. नट हलला की मग हा लाव. याच्या दांड्याला पाइप लावू नकोस, आतले दात जातील. डोक्याशी खुंटी आहे ती अंगठ्यानं सरकवली की उलटा फिरतो. तुझ्या मनगटाला जेवढं वळता येतं तेवढंच माझं बांधून मी बघितलं आहे. जमतं.

याला आवाज आहे. टिकटिक करतो. तू माझ्या परीक्षांच्या दिवसांत हातोडी बंद ठेवायचीस. तेव्हा मला वाटायचं की गॅरेजं अशीच असतात, मार्चमध्ये शांत. इथं येऊन दुसरी गॅरेजं बघितली तेव्हा कळलं की तशी नसतात. माझ्या सगळ्या परीक्षा झाल्या, आत्या. आता कितीही आवाज कर.

तुला दुकान द्यायचं असेल तर दे. मी रागावणार नाही. पण हात चालत नाही म्हणून देऊ नकोस, एवढंच माझं मागणं आहे. हात चालेल.

मामांना नमस्कार सांग.

आणि एक. आबांचा नियम मी मोडलेला नाही. या पान्यांनी अजून एकही नट फिरवलेला नाही. पहिला तुझ्यासाठी ठेवला आहे. आवळायचा, सोडायचा नाही. कोणता, ते तू ठरव.

तुझा,
दत्ता